गजाचा हात

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त असोदा येथें भरलेल्या सभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण. श्रोत्यांच्या आग्रहावरून तें येथें छापीत आहों.)



महोत्सवाच्या सभेंत धर्मगुरूनें गतकाळाचा आढावा घ्यावा, देणगीदारांचे आभार मानावे आणि आशीर्वाद देऊन खालीं बसावें, असा आपला शिरस्ता आहे. आढावा आपल्या चिटणिसांनीं उत्तम घेतला, आभार अध्यक्षांनीं मानले. माझ्या वाट्यास संगीत हा विषय उरला. त्यांतहि मी एक लहानसाच भाग निवडला आहे, आणि त्याला कारण आहे.

गेल्या महिन्यांत आपल्या समितीपुढें एक प्रश्न आला. महोत्सवाच्या निधींतून जी रक्कम शिल्लक राहील तींतून गायकवृंदासाठीं विजेवर चालणारा मोठा की-बोर्ड घ्यावा, कीं कपाटांत पडून असलेलीं दोन व्हायोलिनें दुरुस्त करून मुलांच्या हातीं द्यावीं आणि त्यांना शिकविण्यासाठीं जळगांवाहून आठवड्यांतून एकदां शिक्षक आणावा, असा तो प्रश्न होय. की-बोर्डाच्या बाजूनें बोलणाऱ्यांचें म्हणणें असें कीं, त्या पेटींत एक कळ दाबली म्हणजे व्हायोलिनाचाहि आवाज निघतो. मग व्हायोलिन शिकण्याचे कष्ट कशाला? हा सवाल वाजवी आहे. परंतु त्याचा जबाब द्यावयाचा तर व्हायोलिनांतला आवाज मुळांत येतो कोठून, हें आधीं पाहिलें पाहिजे. म्हणून आज मी आपणांशीं केवळ एका हाताविषयीं बोलणार आहें. तो हात म्हणजे वादकाचा उजवा हात, ज्यांत गज असतो.

कोणी व्हायोलिन वाजवूं लागला म्हणजे आपले डोळे त्याच्या डाव्या हाताकडे जातात. पट्टीवर धांवणारीं तीं बोटें पाहून आपण मान डोलावतों. परंतु डावा हात ठरवितो तो एवढेंच कीं, कोणता स्वर लागावा. तो स्वर गोड कीं कर्कश, भरदार कीं किरटा, सुरू कसा व्हावा आणि विरावा कसा, हें सारें उजव्या हाताच्या स्वाधीन असतें. बोलण्यांत जसे शब्द आणि श्वास, तसे हे दोन हात आहेत. शब्द डाव्या हाताचे, श्वास उजव्याचा.

आपण खानदेशांतलीं माणसें कापसाच्या मुलखांत वाढलों. येथील वृद्ध मंडळींना पिंजाऱ्याची कमान आठवत असेल. गाद्या-रजया भरण्याच्या दिवसांत पिंजारी दारीं येई, कमानीची तांत कापसाच्या ढिगांत धरी आणि लाकडी ठोकळ्यानें तिच्यावर आघात करी. तांत झणाणे, कापूस भुरुभुरु उडे, आणि दुसरा आघात होण्यापूर्वीं पहिला नाद विरून जाई. आपल्या तंतुवाद्यांचा एक मोठा वर्ग याच जातीचा आहे. सतार, सरोद, एकतारी, तुणतुणें यांची तार छेडली जाते. नाद जन्मतो आणि जन्मतांच ओसरूं लागतो. वादकाला तो थांबवितां येतो, पण छेडल्यावर वाढवितां येत नाहीं.

दुसऱ्या वर्गांत तारेवर आघात नाहीं, घर्षण आहे. नाथपंथी भिक्षेकऱ्यांची किंगरी, मैफलींतली सारंगी, दिलरुबा आणि व्हायोलिन हीं सारीं या वर्गांतलीं भावंडें होत. येथें गज तारेवर फिरत आहे तोंवर नाद जिवंत राहतो. तो मध्येंच फुलवितां येतो, मध्येंच क्षीण करतां येतो. माणसाच्या गळ्याशीं याचें नातें फार जवळचें आहे. सारंगीनें पिढ्यान्‌पिढ्या गवयाची साथ केली ती याच गुणामुळें.

आतां हा गज म्हणजे काय तें पाहूं. व्हायोलिनाचा गज सुमारें 75 सेंटीमीटर लांब आणि वजनानें अवघा 60 ग्रॅमांच्या आसपास असतो. एका बाजूस काठी, दुसऱ्या बाजूस घोड्याच्या शेपटीचे सुमारें दीडशें ते दोनशें केंस ताणून बसविलेले. प्राचीन गजांची काठी शिकाऱ्याच्या धनुष्यासारखी बाहेर वांकलेली असे. आजच्या गजाची काठी उलट केंसांच्या बाजूस किंचित् वांकविलेली असते, आणि या घडणीचें श्रेय मुख्यत्वें पॅरिसचा कारागीर फ्रान्स्वा तूर्त यास देतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्यानें काठी तापवून वांकविण्याची, तिची लांबी आणि तोल साधण्याची जी रीत बसविली, तीच पुढें सर्वत्र रूढ झाली. त्यासाठीं त्यानें ब्राझील देशांतील पर्नांबुको नांवाचें लाकूड पसंत केलें. तें झाड आज इतकें दुर्मिळ झालें आहे कीं, 2007 सालापासून त्याच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय कराराचें नियंत्रण आहे. आपल्या कपाटांतल्या गजांचें लाकूड अर्थातच साधें आहे. शिकणाऱ्याला तें पुरेसें होतें.

नवे केंस बसविलेला कोरा गज तारेवर फिरवून पाहा. जवळ जवळ कांहींच ऐकूं येणार नाहीं. केंस तारेवरून नुसते घसरतात. त्यांना राळ फांसली म्हणजे मात्र वाद्य बोलूं लागतें. याचें कारण असें कीं, राळेमुळें केंस तारेला क्षणभर धरून आपल्याबरोबर ओढतात. ताण वाढला कीं तार निसटून मागें जाते. लगेच केंस तिला पुन्हा धरतात. मधल्या षड्‌जाच्या वर असलेल्या ज्या धैवताच्या तारेवर पाश्चात्य वादक आपलीं वाद्यें जुळवितात, ती तार दर सेकंदास 440 वेळां अशी धरली जाते आणि 440 वेळां सुटते. ही किमया जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनीं सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिली आणि 1863 सालीं आपल्या ग्रंथांत वर्णिली. आपल्या डोळ्यांना तार नुसती फुगलेली दिसते. वस्तुतः तिच्यावर एक टोंकदार कोन या टोंकापासून त्या टोंकापर्यंत धांवत असतो.

पुढें या विषयाचा कसून अभ्यास केला तो आपल्याच देशाच्या एका सुपुत्रानें. चंद्रशेखर वेंकट रामन यांना 1930 सालीं प्रकाशाच्या संशोधनाबद्दल नोबेल पारितोषिक मिळालें, हें शाळेंतल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असतें. परंतु त्याच्या कितीतरी आधीं, 1918 सालीं, कलकत्त्याच्या विज्ञानसंस्थेंतर्फें त्यांनीं गजानें वाजणाऱ्या तारेच्या कंपनांवर एक मोठा प्रबंध प्रसिद्ध केला होता. आणि लागोपाठ यंत्राच्या साह्यानें व्हायोलिन वाजवून गजाचा दाब मोजण्याचे प्रयोगहि त्यांनीं केले. त्यांतून निघालेली गोष्ट प्रत्येक विद्यार्थ्यानें ध्यानांत ठेवावी अशी आहे. गज घोडीच्या जितका जवळ न्यावा, तितका स्वर टिकविण्यास लागणारा दाब वाढतो. गजाचा वेग वाढविला तरीहि तो वाढतो.

यावरून गजाच्या विद्येचीं तीन अंगें स्पष्ट होतात. गजाचा भार, गजाचा वेग आणि घोडी व पट्टी यांमध्यें गज जेथें टेकतो तें स्थान, हीं तीं तीन अंगें. यांपैकीं एक बदललें कीं उरलेल्या दोहोंना बदलावें लागतें. भार फार आणि वेग थोडा झाला तर तार सुटूं शकत नाहीं, आणि करवतीसारखा खरखराट होतो. वेग फार आणि भार थोडा झाला तर केंस तारेला धरूं शकत नाहींत, आणि शिळेसारखा पोकळ, फुसका आवाज येतो. नवशिक्याच्या पहिल्या सहा महिन्यांत शेजाऱ्यांना जें ऐकावें लागतें तें या दोहोंपैकींच एक असतें.

त्यांतहि भार या शब्दाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. भार म्हणजे बळ लावून दाबणें नव्हे. हात सैल सोडला म्हणजे त्याचें स्वतःचें वजन तर्जनीवाटे गजांत उतरतें. चांगला वादक त्या वजनाला फक्त वाट देतो. दाबणाऱ्याचा खांदा वर चढतो, मनगट ताठ होतें, आंगठा सरळ होऊन काठीवर रुततो. अशा हातांतून निघालेला स्वर मोठा असला तरी कोंडलेला असतो. वास्तविक आंगठा वांकलेला हवा, करंगळी काठीच्या माथ्यावर कमानदार टेकलेली हवी, आणि मनगट पाण्यांत हलणाऱ्या वेलीसारखें मोकळें हवें. सारंगीवाला आपला गज खालून, तळवा वर करून धरतो. व्हायोलिनवाला वरून धरतो. धरण्याच्या तऱ्हा भिन्न, परंतु सैलपणाचा नियम दोघांनाहि एकच.

दुसरी अडचण गजाच्या घडणींतच आहे. मुठीकडे गज जड लागतो, टोंकाकडे हलका. हात सारखाच ठेवून गज या टोंकापासून त्या टोंकापर्यंत ओढला तर स्वर आरंभीं मोठा आणि शेवटीं मरतुकडा निघेल. म्हणून मुठीपाशीं करंगळीनें थोडें वजन उचलून धरावें लागतें आणि टोंकाकडे जातांना तर्जनीवर तें हळूं हळूं सोडावें लागतें. ऐकणाऱ्याला स्वर एकसारखा वाटतो. वाजविणाऱ्याचा हात मात्र क्षणोक्षणीं बदलत असतो.

आपल्या शेतकऱ्यांना हें निराळें समजावून सांगण्याची गरज नाहीं. ज्वारी-बाजरी पेरतांना चाड्यावर मूठ धरणारी बाई आपण सर्वांनीं पाहिली आहे. ओटींत दाणे आहेत, मुठींतून ते चाड्यांत सुटत आहेत, बैल पुढें चालले आहेत. मूठ आरंभीं सैल झाली तर पहिल्या चार पावलांत दाट पेर पडते आणि तासाच्या शेवटीं मूठ रिकामी होते. मूठ आवळली तर खंड पडतो. जिचा हात बसलेला असतो ती बांधापासून बांधापर्यंत एकसारखी पेर करते, आणि तिला विचाराल तर कशी करते हें तिला सांगतां येणार नाहीं. गज पुरवून वापरणें ही विद्या हीच आहे. चार मात्रांचा स्वर असेल तर पहिल्याच मात्रेंत सारा गज उधळतां कामा नये. आपलें हें असोदें बहिणाबाई चौधरी यांचें माहेर. 1880 सालीं त्या येथें जन्मल्या. शाळेचा उंबरठा त्यांनीं ओलांडला नव्हता, परंतु शेतांत आणि जात्यावर हात चालत असतां त्यांना गाणें सुचत असे. हाताला लागलेली लय आधीं, शब्द मागून, हा क्रम या गांवाला नवा नाहीं.

आतां मला माझी एक चूक आपणांस सांगावयाची आहे. ती सांगितल्यावांचून या विषयावर बोलण्याचा मला अधिकार पोंचत नाहीं.

सेमिनरींत असतांना मी व्हायोलिन शिकलों. आम्हांला शिकविणारे वृद्ध मास्तर गोव्याकडचे होते. पहिले तीन महिने त्यांनीं मला डाव्या हाताचें बोट तारेवर ठेवूं दिलें नाहीं. चार मोकळ्या तारा आणि लांब गज, एवढाच धडा. मी चिडून विचारीं, "मास्तर, गाणें केव्हां?" ते म्हणत, "गज गाऊं लागला म्हणजे." मला तें म्हातारपणाचें हट्टीपण वाटे. त्यांच्या पाठीमागें मी गाणीं वाजवूं लागलों, आणि वाजवीत राहिलों. माझा आवाज बारीक येई, तो मोठा करण्यासाठीं मी गज दाबीं. दाबल्यावर आवाज मोठा झाला. मला वाटलें, साधलें.

पुढें मी एका धर्मग्रामांत असतांना गायकवृंदांतल्या पांच-सहा मुलांना स्वतःच व्हायोलिन शिकवावयास घेतलें. त्यांत बारा वर्षांचा एक मुलगा होता. बाप मजुरी करी. मुलगा अबोल, पण कानाचा फार तीक्ष्ण. त्याचा स्वर बारीक येई, पण शुद्ध येई. नाताळ जवळ आला होता आणि मला मोठा आवाज हवा होता. मी रोज त्याला म्हणें, "दाब! अजून दाब!" तो दाबूं लागला. गज खरखरूं लागला, तार किंचाळूं लागली. एके दिवशीं तालमीच्या वेळीं सारीं मुलें हंसलीं, आणि आज कबूल करावयास हवें, मीहि हंसलों. त्यानें व्हायोलिन पेटींत ठेवलें, पेटीची कडी नीट लावली आणि मला नमस्कार करून तो घरीं गेला. तो पुन्हा तालमीस आला नाहीं. मीं एकदां निरोप धाडला. स्वतः त्याच्या घरीं गेलों नाहीं.

कित्येक वर्षांनीं, एका जाणत्या वादकानें माझा गज पाहिला आणि माझ्या मनगटावर दोन बोटें ठेवून म्हटलें, "फादर, आपण हिला बोलूं देत नाहीं, आपण हिचा गळा धरतां." त्या दिवशीं मला प्रथम कळलें कीं, त्या मुलाचा हात बरोबर होता आणि माझी शिकवण चुकीची होती. त्याला भार कसा सोडावा हें दाखवावयाचें होतें, गज घोडीकडे थोडा सरकवून वेग कमी करावयास सांगावयाचें होतें. तेवढ्यानें त्याचा बारीक स्वर आपोआप भरला असता. गेल्या वर्षीं एका लग्नांत तो मला भेटला. आतां तो दोन मुलांचा बाप आहे. मीं त्याची क्षमा मागितली. तो संकोचून म्हणाला, "जाऊं द्या फादर, त्याला फार दिवस झाले." त्यानें मला क्षमा केली, पण व्हायोलिन त्यानें पुन्हा हातीं धरलें नाहीं.

माझ्या वृद्ध मास्तरांचें म्हणणें त्यांच्या एकट्याचें नव्हतें, हें मला मागाहून वाचनांत आढळलें. पादुआ येथील संत अंतोनीच्या महामंदिरांत 1721 सालापासून जुझेप्पे तार्तीनी हे प्रमुख व्हायोलिनवादक होते. व्हेनिसच्या एका अनाथाश्रमांत शिकणाऱ्या माद्दालेना लोंबार्दीनी या तरुण विद्यार्थिनीला त्यांनीं 5 मार्च 1760 रोजीं एक पत्र लिहिलें. तें पत्र पुढें छापलें गेलें आणि आजहि शिक्षक तें वाचतात. तिला त्यांचा पहिला उपदेश गजाविषयींचाच आहे. गज तारेवर इतक्या हलकेपणानें टेकावा कीं, स्वराचा आरंभ आघातासारखा न वाटतां श्वासासारखा वाटावा. मग तो क्रमानें वाढवीत न्यावा आणि तसाच उतरवावा. हा अभ्यास मोकळ्या तारेवर रोज करावा, असा त्याचा आशय आहे. त्याच सुमारास, 1756 सालीं, ऑग्सबुर्ग येथें लेओपोल्ड मोत्सार्ट यांचा व्हायोलिन-शिक्षणाचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. प्रत्येक स्वराच्या आरंभीं एक अगदीं सूक्ष्म मृदुता असलीच पाहिजे, नाहीं तर तो नाद न होतां नुसता खडखडाट होईल, असें तेहि सांगतात. दोघांचाहि निर्वाह देवळाच्या आणि धर्माधिकाऱ्यांच्या आश्रयावर चालला, हें लक्षांत घेण्यासारखें आहे.

आपल्याकडे ही विद्या गोव्याच्या देवळांतून रुजली. तेथील धर्मग्रामांच्या शाळांत मुलांना प्रार्थनेबरोबर स्वरलिपि आणि व्हायोलिन शिकवीत. त्या शाळांच्या परंपरेंत वाढलेल्या वादकांनीं पुढें मुंबईच्या चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद उभे केले. माजोर्डा गांवचे अँथनी गोन्साल्विस (1927–2012) यांचे वडील तेथील देवळाच्या गायकवृंदाचे प्रमुख होते. संगीतकार प्यारेलाल हे याच अँथनी गोन्साल्विसांचे शिष्य. आणि 1977 सालच्या चित्रपटांतलें ज्याच्या नांवाचें गाणें आपलीं मुलें अजून गुणगुणतात, त्या गाण्यानें प्यारेलालांनीं आपल्या गुरूलाच वंदन केलें, असें मानतात.

दुसऱ्या बाजूनें आपल्या रागसंगीतानेंहि या वाद्याला आपलेंसें केलें. पाश्चात्य वादक व्हायोलिन हनुवटीखालीं धरून उभा राहतो. आपला वादक मांडी घालून बसतो आणि वाद्याचें टोंक उजव्या पायाच्या घोट्यावर टेकतो. त्यामुळें डावा हात मोकळा होतो आणि मींड घेतां येते. परंतु मींड डाव्या हाताची असली तरी तिचें प्राण गजांत आहेत; बोट घसरत असतां गज थबकला तर मींड तुटते, आणि आलापींत गज परततांना ऐकूं आला तर गवयानें शब्दाच्या मध्येंच श्वास घेतल्यासारखें वाटतें. औंधच्या अंतुबुवा जोशांचे चिरंजीव गजाननराव जोशी (1911–1987) हे गायक असून व्हायोलिनवादकहि होते. गळ्यांतलें तेंच गजांत उतरे. गोव्याचे श्रीधर पार्सेकर (1920–1964) आणि पुढच्या पिढींतील दामोदर केशव दातार (1932–2018) यांनीं हीच गाती परंपरा चालविली. यांचीं ध्वनिमुद्रणें आज सहज ऐकावयास मिळतात. ऐकतांना एवढेंच शोधा कीं, गज कोठें वळला. बहुधा सांपडणार नाहीं.

आतां देवळाविषयीं. कोणी विचारील कीं, उपासनेंत या वाद्याला स्थान आहे काय? पोप दहावे पायस यांनीं 1903 सालीं धर्मसंगीताचे जे नियम घालून दिले त्यांत मानवी गळ्याला पहिला मान आणि त्याच्या साथीला ऑर्गनला मुभा होती. इतर वाद्यांसाठीं महागुरुस्वामींची अनुज्ञा लागे, आणि पियानो व गोंगाट करणारीं वाद्यें यांना मनाई होती. पुढें पोप बारावे पायस यांनीं 1955 सालच्या नाताळच्या दिवशीं काढलेल्या परिपत्रकांत ऑर्गनखेरीज इतर वाद्यांचा विचार करतांना व्हायोलिन आणि गजानें वाजणारीं वाद्यें यांचा नांवानें गौरव केला. मनाचें दुःख आणि आनंद व्यक्त करण्याची त्यांची शक्ति अवर्णनीय आहे, अशा अर्थाचे त्यांचे उद्गार आहेत. 1963 सालीं व्हॅटिकन परिषदेनें योग्य त्या अनुज्ञेनें इतर वाद्यांनाहि दार अधिक उघडें केलें. तेव्हां व्हायोलिनाला अडचण नियमांची नाहीं. अडचण आहे ती आपल्या धीराची.

की-बोर्डाच्या विरुद्ध मला कांहीं म्हणावयाचें नाहीं. तो स्वराला आधार देतो, शंभर लोकांना एका सुरांत ठेवतो, आणि थोड्या सरावानें मिस्सेच्या वेळीं उपयोगीं पडतो. त्यांतला व्हायोलिनाचा आवाजहि खोटा नाहीं. कोणा एका निपुण वादकाच्या गजाचा तो ठसा आहे. परंतु तो गज दुसऱ्याचा आहे. कळ दाबणाऱ्या मुलाला त्यांतून भार, वेग आणि स्थान यांचा तोल शिकतां येणार नाहीं; तोल त्या वादकानें आधींच साधून ठेवला आहे. आपल्याला फक्त आवाज हवा असेल तर की-बोर्ड पुरे आहे, आणि स्वस्तहि आहे. आपल्या मुलांचे हात तयार व्हावे अशी इच्छा असेल, तर व्हायोलिनें दुरुस्त करावीं लागतील. समितीनें काय तें ठरवावें. मी एका मतापलीकडे जाणार नाहीं.

परंतु व्हायोलिनांच्या बाजूनें निर्णय झाला तर एक अट मी आतांच आपणां सर्वांपुढें ठेवतों. पहिलें एक वर्ष या मुलांना कोणत्याहि सणाला, कोणत्याहि समारंभांत वाजवावयास सांगूं नये. त्यांच्या आईबापांनीं "गाणें केव्हां?" असें विचारूं नये, तो प्रश्न मीं एकदां विचारला होता आणि त्याची किंमत दुसऱ्याच्या मुलानें दिली. रोज संध्याकाळीं रोझरीची प्रार्थना झाल्यावर अर्धा तास, चार मोकळ्या तारा आणि लांब गज, एवढाच त्यांचा धडा राहील. तो आवाज शेजाऱ्यांना गोड लागणार नाहीं, हें मी प्रामाणिकपणें सांगतों. कोणी मूल किरटें वाजवूं लागलें तर हंसूं नका. आणि कोणीहि, मी सुद्धां, त्याला "दाब" म्हणूं लागलों तर मला तेथल्या तेथें थांबवा. तो अधिकार मी आज या सभेंत आपणां सर्वांस देतों.

एक व्हायोलिन भुसावळच्या एका रेल्वे-कुटुंबानें पूर्वीं आपल्याला दिलेलें आहे. त्याच्या गजाचे केंस पार झडले आहेत. दुसरें माझें आहे. सेमिनरीपासून तें माझ्यापाशीं आहे, आणि आजपासून तें धर्मग्रामाचें. त्याचा गज मीं गेल्या आठवड्यांत नवे केंस बसवून आणला असून, राळेचा खडाहि पेटींत ठेवला आहे.

ईश्वर आपल्या मुलांच्या हातांना बळ देवो, आणि तें बळ सैल सोडण्याची बुद्धि देवो.